पोळ्यापर्यंतची खोली

श्रावण अर्धा सरला की वर्ध्याच्या बाजाराचा रंग बदलतो. भाजीच्या ओळीत तरोट्याच्या जुड्या येऊन बसतात. त्यांच्या पलीकडे, जिथे एरवी प्लास्टिकच्या बादल्या टांगलेल्या असतात, तिथे बैलांचे साज लटकू लागतात. लाल-पिवळे गोंडे, घुंगरांच्या माळा, रंगीत दोर, शिंगांना लावायचा हिंगूळ, बेगडाचे चकचकणारे कागद. परवा भाजीला गेले आणि नेहमीसारखी भाजी विसरून तिथेच उभी राहिले. गोंड्यांचा आख्खा घोसच मी हातात घेतलेला पाहून दुकानदाराने विचारलं, "बाई, बैल किती आहेत घरी?"

"असतील चाळीसेक," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. "मोठं वावर दिसते तुमचं."

"वावर कुठचं बापा. लाकडाचे बैल आहेत. तान्ह्या पोळ्याचे."

आदर जरा उतरला. पण गोंड्यांचा भाव त्याने वाढवला नाही, एवढी त्याची मेहरबानी.

ज्यांच्याकडे तान्हा पोळा नसतो त्यांना सांगायला हवं. पोळा मोठ्यांचा आणि खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. चाकांवरचे लाकडी बैल सजवायचे, दोरीने ओढत चौकात न्यायचे, तोरणाखाली ओळीने उभे करायचे आणि मग घरोघर फिरवायचे. ज्या दारात बैल जाईल तिथून बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ नाहीतर थोडी चिल्लर. आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांत तर हे बैल माणसाच्या उंचीचे असतात. ते ओढायला चांगली दांडगी माणसं लागतात, नाव मात्र पोरांचं.

यंदाच्या आखाडात आमच्या धंद्याला वर्ष झालं. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या मोठ्या भावाच्या, दिनूदादाच्या. तो बैल घडवतो, मी रंगवते. वर्ष झालं म्हटल्यावर घरून फर्मान निघालं की ग्रुपवर आभाराचं काहीतरी टाक, सगळे टाकतात. बसले लिहायला. 'आपणा सर्वांच्या सहकार्याने' असं लिहून वाचून पाहिलं, तर निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या बॅनरसारखं वाटलं. खोडलं. 'आपले ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य आहे' असं लिहिलं. मग मनात आलं, अशक्य आहे तर ही बाई लिहायला बसलीच कशाला? तेही खोडलं. खरी अडचण वेगळीच होती. ज्यांचे आभार मानायचे ती माझी माणसं आभार मानले की संशयाने पाहतात, हिला आता आणखी काय पाहिजे म्हणून. तेव्हा आभार राहू देत. मागचा श्रावण कसा गेला तेवढं सांगते.

मागचा श्रावण आठवला की आधी वास येतो. ताज्या सागवानाच्या भुशाचा कडवट-गोड वास, त्यात टर्पेंटाइन, त्यात ओल्या भिंतीचा दमट वास आणि दादाच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. रंग वाळायचे नाहीत. ऊन पडलं म्हणून बैल ओट्यावर मांडावेत तर सर आलीच. आत नेऊन ठेवावेत की पुन्हा ऊन. दिवसभर आम्ही बैल आत-बाहेर करायचो. दादा म्हणायचा, "खरे बैल असते तं आपल्या पायानं तरी आले असते."

दादा कितीतरी वर्षं पुण्याकडे एका कारखान्यात स्वयंपाकघरांची कपाटं जोडत होता. प्लायवूड, मशीन, स्क्रू. सगळं चौकोनी. फोनवर म्हणायचा, "सुमे, मी सुतार नाई राह्यलो. डबे जोडणारा झालो." आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो सुट्टी काढून घरी, पुलगावला आला. मी तोवर वर्ध्यात राहून अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायचे. ससे, मोर, अ अननसाचा. जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांनी पहिला हत्ती मी काढलेला पाहिला असेल आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो डुक्कर वाटला असेल. तर दादाने त्या सुट्टीत बसल्या बसल्या एका जुन्या फळीतून बैल कोरला. अजून पाय झाले नव्हते, नुसतं वशिंड आणि मान. त्या मानेचा बाक असा उतरला होता की मी चहा ठेवायचा विसरून बघत राहिले. कपाटांची फळकुटं जोडणाऱ्या हातात हा बाक इतकी वर्षं कुठे दडून बसला होता, कोणास ठाऊक. मी त्याला पांढरा रंग दिला, काळे डोळे काढले. शेजारच्या पोराने तो आमच्याकडून जवळपास हिसकावूनच नेला. धंद्याची सुरुवात एवढीच.

खोली मात्र मिळेना. करवतीचा आवाज आणि रंगाचा वास म्हटलं की लोक दाराआडूनच नाही म्हणायचे. शेवटी वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेत शेवंताकाकू भेटल्या. एकट्याच राहायच्या. घराची पुढची खोली रस्त्याकडे उघडायची आणि रिकामी होती. काकूंनी आम्हाला ओट्यावरच उभं ठेवलं.

"पोळ्यापर्यंत देतो," त्या म्हणाल्या. "पोळा झाला का खाली करजो. माह्या भाच्याले तिथी मोबाईलचं दुकान टाकाचं आहे."

"काकू, पोळ्यानंतरही काम आहे आमचं. पाट आहेत, दिवाळीचे..."

"मी काय म्हटलं? पोळ्यापर्यंत."

आम्ही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? दादा पुलगावाहून सकाळच्या पॅसेंजरने यायचा, संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. कारखान्यातून सुट्टी वाढवून मिळाली होती, तीही पोळ्यापर्यंतचीच. पोळ्यानंतर पुण्याला हजर नाहीतर जागा गेली. एकदा पुलगावला घरी जेवताना तो म्हणाला, "खोली राह्यली तं मी राह्यतो. नाई तं आपलं पुणं आहेच." हे तो माझ्याशी बोलला, पण आई ऐकत होती. त्या दिवसापासून आईने काकूंच्या तब्येतीची चौकशी सुरू केली. रोज संध्याकाळी तिचा फोन. आधी विचारायची, काकूचा खोकला कसा आहे. मग, रागात होत्या का. मग हळूच, काही बोलल्या का खोलीचं. मी रोज 'नाई' म्हणायचे. तोंडाने चिडायचे, पण दार उघडताना मीही रोज काकूंचं तोंडच वाचत होते.

मी दुकानाला पाटीसुद्धा लावली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवल्या, स्वतःचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा हात उचलेना. पोळ्यापर्यंतच्या खोलीला पाटी कशाला लावायची?

काकूंचं स्वयंपाकघर आणि आमची खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती. आमचे सगळे व्यवहार त्या खिडकीतून चालायचे. सकाळी पहिली तक्रार भुशाची. दुपारी वासाची. "तुमच्या बैलाईचा वास माह्या देवघरापर्यंत येऊन राह्यला." मी म्हणायचे, "काकू, नंदीच आहेत, देवाला चालतील." त्यावर खिडकी आपटायची. तासाभराने तीच खिडकी उघडायची आणि तरोट्याच्या भाजीची वाटी आत सरकायची, सोबत सूचना, "वाटी धुऊन देजो." एकदा वाटी परत द्यायला उशीर झाला, तर पुढचे दोन दिवस भाजी आली नाही. हा हिशोब काकूंचा अगदी चोख.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की लाकडी बैल फारसे विकले जात नसतात. ज्या घरी आहेत तिथे ते आजोबांच्या वेळेपासूनच असतात. एक बैल, तीन पिढ्या. मग नवा घ्यायचा कोणी? पण लोक येऊ लागले ते जुने बैल घेऊन. कोणाचं चाक गेलेलं, कोणाचा रंग उडालेला. एक गृहस्थ शर्टाची घडी मोडू न देता मोटरसायकलवरून उतरले, पिशवीतून बैल काढला. डावा कान नव्हता.

"रंग द्या. चाकं बदलून द्या. कान राहू द्या तसाच."

"नवा बसवून देतो ना," दादा म्हणाला. "पैसे नाई घेत त्याचे."

"नाई, नाई. तो मीच खाल्लेला आहे," ते म्हणाले. "लहानपणी दात येत होते तवा." आणि एवढे मोठे गृहस्थ लाजले. आता त्यांच्या नातीचा पहिला तान्हा पोळा होता. नातीला तोच बैल द्यायचा, आजोबाने खाल्लेल्या कानासकट. मी ती कानाची जागा नुसती पुसली, रंगसुद्धा दिला नाही. त्यांनी बैल उचलून उजेडात धरला, पाहिला, आणि सरळ पुन्हा पिशवीत ठेवला. मला वाटलं, आवडला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आळीतले बैल यायला लागले.

डोळे मी सगळ्यात शेवटी काढते. सगळं अंग रंगून, वाळून, साज चढला की मग. तोवर ते लाकूड असतं. त्याला उलटं धरता येतं, पायाने सरकवता येतं, त्यावर डबा ठेवून जेवता येतं. डोळे उघडले की नाही. मग दादासुद्धा त्याला ओलांडून जात नाही, वळसा घालून जातो. हे कोणी ठरवलेलं नाही, आम्ही दोघांनी कधी बोलूनही दाखवलेलं नाही. पण आमचा सगळा घोटाळा झाला तो यातूनच.

पोळा तोंडावर आलेला असताना तळेगाव श्यामजी पंतहून ढोलेभाऊ आले. तिथल्या एका मंडळाचे. त्यांना मोठा बैल पाहिजे होता, माणसाच्या छातीला लागेल असा, पांढराशुभ्र, त्यांच्या भागातल्या गवळाऊ बैलासारखा. दादाने तोंडभर हो म्हटलं. वेळ पुरेल का, लाकूड मिळेल का, काही नाही. त्यानंतरचा दादा मी आधी कधी पाहिला नव्हता. लाकूड कापायच्या आऱ्यावर जाऊन ओंडके निवडून आणले. कोरताना गुणगुणायचा. जेवायचं भान नाही, एकदा तर पॅसेंजर चुकली म्हणून माझ्याकडेच राहिला आणि सकाळी चहाआधी खोलीवर हजर. बैल आकाराला यायला लागला. छाती, गळ्याखाली लोंबणारी पोळी, पाठीवरचं वशिंड. दादाने दाराची उंची मोजली, बैलाची उंची मोजली. दाराची रुंदी मोजली, बैलाच्या पोटाची रुंदी मोजली. सगळं नीट बसत होतं. माणूस हिशोबी, कपाटांच्या धंद्यातला.

मग त्याने शिंगं केली.

गवळाऊची शिंगं आखूड असतात. हे ढोलेभाऊंनीही सांगितलं होतं. दादाने मात्र दोन्ही बाजूंना अशी लांब पसरवली की बैलाने हात फैलावून स्वागताला उभं राहावं. मी म्हटलं, "दादा, गवळाऊ आहे तो."

"एवढी वर्षं सरळ कापलं, सुमे," तो पॉलिश पेपर फिरवत म्हणाला. "आता लाकडाच्या बैलाले शिंगाची कंजुशी काऊन करू?"

मला पटलं. खरं म्हणजे मीही भुलले होते. त्या शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या बसवल्या, हिंगूळ लावला, आणि त्या वाढलेल्या मापाचा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. शिंगं खुंट्या ठोकून, सरस भरून पक्की केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी डोळे काढले.

त्याच दिवशी दुपारी आई आली. गुडघ्यावर पट्टा, हातात पिशवी, पिशवीत हळद, तूप आणि पळसाची पानं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदे दुखलेले असतात, म्हणून कोमट पाण्याने शेकून त्यांना हळद-तूप चोळायचं. आईने बैलाकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग गुडघा सावरत उभ्यानेच त्या लाकडी खांद्याला हळद-तूप लावू लागली.

"आई, रंग खराब होईन," मी म्हटलं.

"होऊ दे." ती चोळत राहिली. मग कपाळाला कुंकू लावलं, आणि खऱ्या बैलाला म्हणतात तसं हात जोडून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू आलं. शाळेत आम्ही दरवर्षी निबंध लिहायचो, पोळा हा कृतज्ञतेचा सण आहे. एकाच साच्यातला. पण बैलाला कोणी धन्यवाद म्हणत नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं. त्याचा खांदा चेपतात आणि त्याला उद्याचं जेवण सांगून ठेवतात. एवढंच करतात, आणि ते पुरतं. आई त्या लाकडाचे आभार मानत होती, कारण त्याने तिचा मुलगा पावसाळाभर तिच्या डोळ्यांसमोर ठेवला होता. तिने हळद चोळता चोळता एकदा दादाकडे पाहिलं फक्त.

पोळ्याच्या सकाळी ढोलेभाऊंचा टेम्पो दारात आला. सोबत चार-पाच गडी. बैल पाहून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. दोर बांधला, ढकलत दारापर्यंत आणला. तोंड बाहेर गेलं आणि शिंगं चौकटीला टेकली. दोन्हीकडून.

मागे घेतला, तिरपा केला. एक शिंग बाहेर, दुसरं आत. चाकं काढली, आडवा करून पाहिला, तर बैलाची उंची दाराच्या रुंदीत मावेना. दादाने मीटर काढला, शिंगं मोजली, दार मोजलं आणि मीटर खिशात ठेवून दिला. गडी एकमेकांकडे पाहायला लागले. ढोलेभाऊ म्हणाले, "मी म्हटलं होतं, गवळाऊची शिंगं आखूड असतेत."

दादाने करवत उचलली. बैलाच्या जवळ जाऊन उभा राहिला. शिंगाच्या बुडाला करवत लावली, आणि तशीच धरून थांबला.

"काल त्याले आवतन देल्लं," आई मागून म्हणाली. "आज शिंगं कापतं का रे त्याचे?"

"लाकूड आहे, आई."

"मंग काप."

दादाचा हात हलेना. गड्यांपैकी एकाने तोंड फिरवलं. एकाने टोपी काढली. शेतकऱ्याची पोरं सगळी, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगाला करवत कोण लावेल? तिकडे तळेगावात मंडळाने मोठ्या बैलाची हवा केली होती. उद्या चौकात जागा रिकामी राहणार. आणि आमची मुदत आज संपणार. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे सगळं असंच आत अडकणार. बैलही, दादाही, आपणही.

खिडकी उघडली. मग बंद झाली. मग काकू मागच्या दाराने फिरून पुढे आल्या. पोळ्याचा स्वयंपाक अर्धा टाकून आल्या होत्या, हात पुरणाने माखलेले. त्यांनी बैल पहिल्यांदाच असा समोरून पाहिला, कारण इतके दिवस त्या खिडकीतून त्याचा फक्त वास घेत होत्या. शिंगांपासून खालपर्यंत पाहिला. कपाळावरचं कुंकू पाहिलं. दादाच्या हातातली करवत पाहिली.

"काय करून राह्यला तू?"

"काकू, शिंगं अडून राह्यले," दादा म्हणाला. "बैल निघत नाई."

"मंग शिंगं काऊन कापतं? चौकट काढ."

कोणी हललं नाही. मी म्हटलं, "काकू, दार फुटेल तुमचं. तुमच्या भाच्याचं दुकान..."

"दार माहं आहे. बैल तुमचा आहे. तुमचं तुम्ही पाहा, माहं मी पाहीन." आणि गड्यांकडे वळून, "उभे काय राह्यले? पहार नाई का टेम्पोत?"

पहार होती. पंधरा-वीस मिनिटांत चौकट निघाली. चुन्याचा आणि विटांचा धुरळा आमच्या रंगांवर, काकूंच्या पुरणाच्या हातांवर, सगळ्यांच्या डोक्यांवर बसला. चौकट गेली तशी दोन्हीकडून चार-चार बोटं मिळाली. बैल बाहेर पडला. शिंगाच्या शेंबीने भिंतीवर एक बारीक रेघ ओढली. काकूंनी टेम्पोत चढवण्याआधी त्याला थांबवलं, आत जाऊन पुरणपोळी आणली आणि त्याच्या लाकडी तोंडाला लावली. मग ती पोळी दादाच्या हातात दिली. "खाऊन घे. सकाळपासून उपाशी आहेस."

मी आणि दादा टेम्पोतून तळेगावला गेलो, आईला काकूंकडे ठेवून. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मी आयुष्यभर विसरणार नाही. चौकात आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली पोरांच्या हातातले छोटे-छोटे बैल, कोणी फेटा बांधलेला, कोणी नऊवारी नेसलेली, आणि मधोमध आमचा. हळदीचा डाग खांद्यावर तसाच. मी पुसला नव्हता. एक म्हातारा पुढे आला, बैलाच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "जातीचा आहे. शिंगं तेवढी परक्याची." दादा एवढा हसला की मला तो पाचवीतला दादा आठवला. बोजारा मागत पोरं फिरली. काही पोरी आमच्यापाशी आल्या, पुढच्या वर्षी आम्हालाही बैल पाहिजे म्हणाल्या, पोरींचा वेगळा. मी हो म्हटलं. म्हणताना आत कुठेतरी टोचलं, कारण पुढच्या वर्षीचं हो म्हणायला माझ्याकडे खोली नव्हती.

परत आलो तेव्हा आमच्या खोलीला दार नव्हतं. ताडपत्री बांधली होती. आम्ही आवरायला लागलो. रंधे पोत्यात, ब्रश डब्यात. दादा पुण्याच्या गाडीची चौकशी करायला पुलगावच्या एका मित्राला फोन लावत होता. आई कोपऱ्यात बसून माझ्या ब्रशांना तेल लावून ठेवत होती, उगाच, हळूहळू, काम संपू नये अशी. तेवढ्यात ताडपत्री सरकवून एक मिस्त्री आत आला. मागे काकू. मला वाटलं, झालं, मोबाईलच्या दुकानाचं काम सुरू. काचेचं दार बसेल, वर लाल-निळे दिवे.

मिस्त्रीने भिंतीतल्या भगदाडाला टेप लावली. "जुनंच माप ठेवू ना, बाई?"

काकू दादाकडे वळल्या. दादाच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात पोतं.

"काऊन रे," त्या म्हणाल्या, "पुढच्या पोळ्याले बैल केवढा करशीन?"

दादाला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याने फोन बंद केला, पोतं खाली ठेवलं आणि दोन्ही हात जेवढे पसरता येतात तेवढे पसरले.

काकूंनी ते माप डोळ्यांनी नीट पाहून घेतलं. मग मिस्त्रीला म्हणाल्या, "याच्याहून चार बोटं जास्त ठेव."